बरणीला पाय नसतात

जोतीराम : मी बरणीचं विचारतोय आत्ती, आन् तू ताटात तिसरी भाकरी टाकतीस.

चंद्राबाई : मग काय बरनी खातोस? खा मुकाट. मुंबईत कोन वाढतंय तुला? तोंड बघ, उसाचं चिपाड झालंय निस्तं.

जोतीराम : खाल्लं की. आता बास. बरणी कुठं हाय?

चंद्राबाई : हाय घरात. पळून जाती व्हय?

धोंडिराम : ऐकलंस का जोती? ‘पळून जाती व्हय’ म्हनती. हिनं इचारावं! हिनं!

चंद्राबाई : तुमाला कुनी बोलीवलं मधी? परसात आगटी पेटीवलीया न्हवं? हुरडा करपंल, त्यो बगा जावा.

धोंडिराम : सारी जिंदगी पलटनीत काढली. हुकूम ऐकून ऐकून कान किटलं. पेन्शन घिऊन घरला आलो, तर हितं त्येच्यापरीस मोठा साहेब बसल्याला.

जोतीराम : मामा, तुम्हीच सांगा. दिवाळीला मी बरणी ठेवून गेलो. मागच्या खोलीत, कणगीच्या आड, काळ्या फडक्यात गुंडाळून. जाताना काय सांगितलं होतं?

धोंडिराम : ‘हात लावायचा न्हाई. हलवायची न्हाई. उजेड दावायचा न्हाई. तिच्याजवळ खोकायचं सुदीक न्हाई.’ आर्डर म्हंजे आर्डर गड्या. तवापासनं खोकला आला की मी परसात पळतोय. आपल्याकडनं डिसिप्लिन पुरी.

जोतीराम : आन् आत्ती, तू?

चंद्राबाई : मला कुटं खोकला हाय?

जोतीराम : हात लावलास का?

चंद्राबाई : ताक घे वाईच.

जोतीराम : आत्ती!

चंद्राबाई : आरं घे की. सकाळधरनं ठेवलंय तुझ्यासाटनं.

जोतीराम : बरं, ते ऱ्हाऊ दे. कोनाड्यात स्पिरिटची दुसरी बाटली ठेवली होती. ती आत्ता बघितली. तळाला गेलीया.

धोंडिराम : उडतं ते हवेत. तूच सांगितलं हुतंस.

जोतीराम : बूच घट्ट लावलेलं हाय मामा.

धोंडिराम : माझं गुडघं लय धरत्यात रं. लेहच्या बर्फात उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन...

जोतीराम : गुडघ्याला लावली ती बाहेरनं का आतनं?

चंद्राबाई : सांगा की आता! का दातखीळ बसली? सरकारची दारूबंदी, घरात मुंबईची बाटली, आन् ह्ये रोज सांजच्याला गुडघा चोळाया कोनाड्यापाशी. गुडघा हितं आन् ह्यांचं तोंड तितं.

धोंडिराम : एकदा जीभ लावून बघितली, खोटं कशाला बोलू? आख्खी जीभ जळाली. त्या दिसापासनं निस्ती चोळतोय.

चंद्राबाई : आन् त्या बरनीचा वास! शेजारची बनुबाय इचारती, ‘चंद्राबाय, तुमच्यात कसला गं वास येतोय?’ म्या म्हटलं, गोठ्याचा. ती म्हनली, ‘म्हस कवा घेतली?’ आता काय सांगू तिला? म्हटलं, घेनार हाय.

जोतीराम : म्हंजे म्हशीच्या आधी वास आला.

चंद्राबाई : हस. हस तू. तुझ्यापायी खोटं बोलाया लागलं मला.

जोतीराम : अमोनियाचा वास तो. मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया घातला की त्याचा गडद निळा काढा होतो. त्याच्यावर स्पिरिट अलगद सोडायचं. ते हळूहळू खाली उतरतं आन् तळाला निळा खडा धरतो. पण अजिबात हलता कामा नये. म्हणून तर तुझ्याकडं ठेवली. मुंबईला खोलीबाहेर रस्ता खणतात, दिवसभर हादरे. आत्ती, आता मी गंमत करत न्हाई. आज शनवार. सोमवारी मुंबईला खडा तपासायच्या यंत्रावर माझी पाळी हाय. पाळी गेली तर पुढची पावसाळ्यानंतर. आन् तवर आमचे सर माझ्या संशोधनाचा विषयच बदलून देतील. ते मागंच म्हणाले, ‘खडा वाढत नसेल तर दुसरं काहीतरी घ्या.’

चंद्राबाई : माधवनगरला थोरल्याकडं बी एक बरनी ठेवली हुतीस न्हवं?

जोतीराम : काल तिथं उतरूनच हिकडं आलो. भुसा झालाय. निळा भुसा. चाळीच्या मागं गिरणी, माग चालू झाले की भुई बारीक बारीक थरथरती. दादाला म्हटलं, अरे, तुला जाणवत न्हाई? तर म्हणतो, ‘थरथरत न्हाई त्या दिवशी मला झोप लागत न्हाई.’

चंद्राबाई : म्हंजे आता माझी एकलीच उरली?

जोतीराम : तुझी एकटीच.

चंद्राबाई : मग आनखी वाईच ताक घे.

जोतीराम : मी आत जाऊन बघतो.

चंद्राबाई : जाऊ नगंस. तितं न्हाई ती.

जोतीराम : न्हाई? मग कुठं?

चंद्राबाई : माझ्या हातरुनापाशी. पेटीवर. बाबासाहेबांच्या फोटूखाली.

जोतीराम : हलवली?

चंद्राबाई : म्या न्हाई हलवली. जमिनीनं हलवली.

जोतीराम : भूकंप?

धोंडिराम : मग? तुला काय वाटलं, कोयनेचा भूकंप कोयनेतच ऱ्हायला? कडेगावाला बी पाव्हना आला की. आता मला बोलू दे. हिला लाज वाटती म्हून कवाधरनं ताक पाजतीया तुला.

चंद्राबाई : मला कसली लाज? सांगा. तिखटमीठ लावू नगा, म्हंजे झालं.

धोंडिराम : डिसेंबरची थंडी. पहाटं झोपेत हुतो. भांडी वाजाया लागली, कौलं खडाखडा. माझ्या डोक्यात अजून पासष्ट साल. म्हटलं, दुश्मनानं बाम टाकला! उठलो आन् भाईर.

चंद्राबाई : धोतर सोडून.

धोंडिराम : वरडत व्हतो मी, ‘भाईर निघा, भाईर निघा!’ सगळी आळी अंगनात आली. बनुबाय आली, तिची शेळी आली. मोजाया लागलो तर ही न्हाई. ‘चंद्रा! ए चंद्रा!’ घसा सुकला. तेवढ्यात मागल्या अंगाला धाड्‌दिशी आवाज आला आन् धुरळाच धुरळा. जोती, मी लय मानसं मरताना बघितली. पन तवा माझं पाय जागचं हलंनात. म्हटलं, संपलं आपलं.

जोतीराम : कुठली भिंत पडली?

धोंडिराम : कनगीमागची. बरनी हुती त्योच कोपरा. आन् त्या धुरळ्यातनं ही चालत आली. चालत, पळत न्हाई. पाऊल मोजून, पान्यानं भरल्याली घागर डोईवर असल्यावानी. कुडी न्हाईत, पेटी न्हाई. छातीशी वाकळंत गुंडाळल्यालं काय धरलंय म्हून बघतोय तर बरनी!

जोतीराम : आत्ती, भिंत पडत होती आन् तू मागच्या खोलीत गेलीस?

चंद्राबाई : तवा कुटं पडत हुती? मी निघाल्यावर पडली.

जोतीराम : आन् मामांना हाक मारली न्हाईस?

चंद्राबाई : त्यास्नी पाय हायेत. माझ्याआदी अंगनात पोचलं हुतं की. बरनीला कुटं पाय असत्यात?

धोंडिराम : ही माझी किंमत. लिहून घे.

जोतीराम : पण कशाला गं? काचेची बरणी ती. मी दुसरी भरली असती.

चंद्राबाई : तूच म्हनला हुतास, ‘आत्ती, माझं सगळं शिक्षान हितं ठेवून चाललोय, जप.’ म्हनला हुतास का न्हाई?

जोतीराम : ते मी... बोलायची पद्धत असती ती.

चंद्राबाई : मला काय ठावं पद्धत? मी समजले, त्यातच हाय. म्हटलं, गाडलं तर पोराचं शिक्षान जाईल. एवढं पोर शाळंच्या भाईर बसून शिकलं, आन् आता भिंतीखाली जाऊ दिऊ?

धोंडिराम : पुढचं सांग. मांडीचं सांग.

चंद्राबाई : काय सांगायचं त्यात? त्यानं सांगितल्यालं, हलवू नगं. भुईवर ठेवावी तर भुईच हलती. मग म्हटलं, मांडीवर घ्यावी. मांडी काय हलत न्हाई. वाकळंत गुंडाळली आन् बसले अंगनात, उजाडस्तवर. दम सुदीक हळू घेतला. तुला देवी आल्या हुत्या तवा असंच मांडीवर घेतलं हुतं. वयनी, तुझी आय, जाऊन म्हैना झाला नव्हता. तवाबी म्हातारीनं सांगितल्यालं, पोराला हलवू नगं.

धोंडिराम : मी जवळ गेलो, म्हटलं, चंद्रा, लागलं का गं कुटं? तर मला म्हनती, ‘गप ऱ्हावा, बरनी हलतीया.’ भूकंपात! सगळं सातारा-सांगली हलतंय, आन् हिला माझ्या बोलन्यानं बरनी हलती!

चंद्राबाई : तुमी बोलता का? तुमी वरडता.

धोंडिराम : पुढं पंधरा दिस सगळी आळी भाईर झोपली. उसाच्या पाचटाचं खोपाट केलं. हिकडं मी, तिकडं ही, आन् मधी बरनी. म्हातारपनी घरात तिसरी आनली बघ हिनं.

जोतीराम : आळीतल्यांनी विचारलं असंल की, काय हाय म्हणून.

चंद्राबाई : इचारलं. म्या सांगितलं, जोतीचं शिक्षान हाय. बनुबायनं फडक्याच्या फटीतनं वाईच निळं बघितलं. निळा रंग बघून तिनं हात जोडलं. दुसऱ्या दिशी मेनबत्ती घिऊन आली, बरनीम्होरं लावाया.

जोतीराम : मेणबत्ती! स्पिरिटपाशी?

धोंडिराम : मी आडवा पडलो. म्हटलं, बनुबाय, ह्यो भडका उडंल. ती म्हनली, ‘शिक्षानाचा भडका उडला तर चांगलाच की.’

जोतीराम : खरंय तिचं. बरं, आण बरणी.

चंद्राबाई : तूच आन. आन् तूच उघड. म्या फडकं काढल्यालं न्हाई. तू सांगितलं हुतंस, उजेड दावायचा न्हाई. जोती, त्यात एकच मोठा खडा असंल न्हवं? आंगठ्याएवढा?

जोतीराम : बघू.

(जोतीराम बरणी ओट्यावर आणून ठेवतो. फडकं निघतं. तिघं वाकून आत बघतात.)

धोंडिराम : आयला! हे तर सुयांचं बंडल हाय. निळ्याजर्द सुया!

चंद्राबाई : एक न्हाई? जोती, आरं बोल की. एक न्हाई त्यात?

जोतीराम : न्हाई आत्ती. पुष्कळ हायत. बारीक.

चंद्राबाई : म्या उचलली म्हून?

जोतीराम : तसं न्हाई...

चंद्राबाई : खोटं बोलू नगंस. लहानपनापासनं खोटं बोललास की नाक वढतोस. आत्ता वढलंस.

जोतीराम : व्हय. हललं म्हणून. स्पिरिट हळू उतरायला पाहिजे होतं, ते एकदम मिसळलं. मग एका जागी वाढण्याऐवजी शंभर जागी धरलं.

चंद्राबाई : माझ्या हातनं तुझं वाटुळं झालं, बाबा. मला लय वाईट वाटतंय. तू सांगून गेला हुतास आन् मला एवढं बी जमलं न्हाई.

जोतीराम : आत्ती, तू उचलली नसतीस तर आज भिंतीखाली काच आन् चिखल गोळा करत बसलो असतो. रडू नको. तू रडलीस की मामा पण रडतात, मग त्यांचे गुडघे दुखतात, मग स्पिरिट संपतं.

धोंडिराम : मला कशाला वढतोस? पन मला सांग, एक मोठा न्हाई, शंभर बारके हायत. बिघडलं काय? वजनाला सारखंच की.

जोतीराम : वजनाचं काही न्हाई मामा. दिशेचं हाय. ह्या खड्याच्या आत तांब्याचे अणू एका रांगेत उभे असतात. एकामागं एक. प्रत्येकाला शेजारी दोनच, एक पुढचा, एक मागचा. बाजूच्या रांगेशी जवळजवळ बोलणंच नसतं.

धोंडिराम : सिंगल फाइल.

जोतीराम : सिंगल फाइल. आन् प्रत्येक अणू म्हंजे एक बारकं चुंबक. एकानं वर तोंड केलं की शेजाऱ्यानं खाली करायचं. त्याच्या शेजाऱ्यानं परत वर.

चंद्राबाई : भावकी म्हन की सरळ.

जोतीराम : भावकीच! हसलीस का? हसलीस. आता पुढं ऐक. गर्दीत एखाद्यानं चुकीचं तोंड केलं तर चारी बाजूचे त्याला वळणावर आणतात. एकेरी रांगेत एक चुकला की पुढचे सगळे उलटे. आन् कुणालाच कळत न्हाई, चूक कुठं झाली. म्हणून एकेरी रांग कधी पुरती शिस्तीत येत न्हाई, कितीही थंड करा. निदान कागदावरचं गणित तसं म्हणतं. खरी रांग काय करती, ते मला बघायचंय.

धोंडिराम : थंड म्हंजे किती? लेहएवढं?

जोतीराम : लेह म्हंजे उन्हाळा झाला. हेलियम नावाचा वायू पाण्यासारखा पातळ होतो, इतकं थंड.

धोंडिराम : मग बिचाऱ्यांचं गुडघं धरत असतील.

चंद्राबाई : आन् एवढ्या थंडीत आत बगाया जानार कोन? तू?

जोतीराम : कुणी जात न्हाई. बाहेर बसून ऐकायचं. तांब्याच्या आजूबाजूला हायड्रोजनचे अणू असतात. त्यांच्या गाभ्यातही एक अगदी बारकं चुंबक असतं. आख्खा खडा मोठ्या लोहचुंबकात ठेवायचा आन् वायरलेससारखी लहर सोडायची. नेमकी जुळणारी लहर आली की तो गाभा साद देतो. पण शेजारचं तांबं कसं तोंड करून उभं हाय, त्यावर ती लहर वाईच सरकती. किती सरकली ते मोजायचं, म्हंजे तांब्याची खबर लागती.

चंद्राबाई : म्हंजे घरात काय चाललंय ते शेजारनीला इचारायचं.

जोतीराम : तेच. आन् शेजारीण बनुबाईसारखी असली तर लय बारीक माहिती मिळती.

धोंडिराम : मग ह्या शंभर सुयांस्नी इचार की.

जोतीराम : त्या शंभर दिशांना तोंड करून पडल्यात मामा. एकदम शंभर आवाज. नुसता कालवा. त्यातनं काही कळायचं न्हाई. एकच मोठा खडा असता तर सगळ्या रांगा एकाच दिशेला... थांबा.

चंद्राबाई : काय झालं?

जोतीराम : थांब गं जरा. ही सुई बघ. लांब हाय, सरळ हाय. दुसरीही तशीच. म्हंजे सगळ्या एकाच बाजूनं लांब वाढल्यात. आन् आमच्या कागदपत्रांत हाय की, ह्या क्षाराची सुई रांगेच्या दिशेनंच लांबती. मग ह्याच शंभर सुया एकीला लागून एक, एकाच दिशेला, अशा ह्या माझ्या काचेच्या बारक्या नळीत भरल्या तर?

धोंडिराम : म्हंजे फालिन!

जोतीराम : फॉलिन, मामा.

चंद्राबाई : झालं! आता आठ दिस ह्यांचं पाय भुईला लागायचं न्हाईत.

जोतीराम : पण घाई करावी लागंल. ह्या बाहेर आल्या की अमोनिया उडून जातो आन् पांढऱ्या पडतात. सावलीत बसू. आत्ती, तुझं पातेल्यावरचं झाकण आण. मामा, उरलंय तेवढं स्पिरिट आणा, सुया धुवायला लागंल.

धोंडिराम : घोटभरच हाय.

चंद्राबाई : बगा! त्या घोटापायी पोराचं काम अडलं असतं.

धोंडिराम : अडलं कुटं? घोट तर ठेवला न्हवं? त्याला रिझर्व म्हनत्यात.

जोतीराम : ह्या कागदाला मधोमध घडी घातली. ह्या घडीत एक-एक सुई ठेवायची. बोट लावायचं न्हाई. ही घ्या काडी, हिच्या टोकानं ढकलायची.

चंद्राबाई : मला एकीच्या दोन दिसत्यात.

जोतीराम : चांगलंय की. काम दुप्पट होईल.

धोंडिराम : ए! ए तिसरी! टेढा खडा है! सीधा देख! चंद्रा, तुझ्याकडची वाकडी हाय.

चंद्राबाई : तुमचं काय, तुमच्या दोन एकमेकींवर चढल्यात. पलटनीत हेच शिकीवलं?

जोतीराम : ही पांढरी पडली. काढा ती. पुढची.

धोंडिराम : रिपोर्ट सिक. पुढची!

चंद्राबाई : किती उग्र वास! डोळ्यातनं पानी आलं. हे आता वासाचं हाय हं, मी रडत न्हाई.

जोतीराम : माझ्यापण आलं. सरक. झाकण घे वर, वारा लागतोय.

धोंडिराम : काय लाइन लागलीया गड्या! इन्स्पेक्शनला जनरल आला तर सलामी ठोकंल.

जोतीराम : मामा, हलवू नका आता. आत्ती, दम धर. असाच कागद उचलायचा, नळीच्या तोंडाला लावायचा... सरकल्या. सगळ्या सरकल्या. वरनं थोडी पोकळी ठेवली. आता मेण.

चंद्राबाई : बनुबायची मेनबत्ती हाय. फेकली न्हाई म्या.

जोतीराम : दे. प्रबंधात बनुबाईचंही नाव लावतो मग.

धोंडिराम : आन् माझ्या गुडघ्याचं.

जोतीराम : गुडघ्याचं पहिलं. ही बघ आत्ती. उजेडात धर. आता चालतं.

चंद्राबाई : आगं बया! एकच दिसतंय की रं. एकच निळा धागा.

जोतीराम : एकच न्हाई. पण त्याच्याजवळचं हाय. खोटं सांगत न्हाई, मोठा खडा असता तर यंत्राच्या कागदावरची रेघ बारीक, नेमकी आली असती. आता वाईच जाड येईल.

चंद्राबाई : जाड आली तर तुझं सर काय म्हनतील?

जोतीराम : आधी ओरडतील. मग विचारतील, सुया एवढ्या सरळ कुणी लावल्या?

धोंडिराम : काय सांगशील?

जोतीराम : हवालदार धोंडिराम, रिटायर. आन् त्यांच्या साहेब.

चंद्राबाई : चल, उठ आता. कराडची यष्टी चुकंल. हुरडा बांधून दिलाय. सरास्नी दे, वरडायच्या आदीच दे. नळी कुटं ठेवतोस? पिशवीत नगं, यष्टीत खाली-वर व्हती.

जोतीराम : खिशात, शर्टाच्या. आता हलली तरी चालती, आत घट्ट बसल्यात.

धोंडिराम : मग आता बनुबायला काय सांगायचं? वास तर आता जानार.

चंद्राबाई : सांगा, म्हस इकली.

जोतीराम : येतो मामा. येतो आत्ती. मागच्या खोलीत जाऊ नको, भिंत बांधेपर्यंत. दादाला कळवतो, तो येऊन बांधून देईल.

चंद्राबाई : मला शिकवू नगंस. जोती, त्या पहाटं मुंबई बी हलली हुती म्हनत्यात. खरं का रं?

जोतीराम : हलली वाईच. आमच्या वसतिगृहातली झाडून सगळी पोरं खाली उतरली.

चंद्राबाई : आन् परत हलली तर?

जोतीराम : तर मी पण तुझ्यासारखंच करणार. आधी ही नळी छातीशी धरीन, मग पळंन. हिला तरी कुठं पाय हायत?

चंद्राबाई : खुळा का काय तू? ती ऱ्हाऊ दे तितंच पडल्याली. तू तेवढा भाईर ये.